कर्करोगाशी लढाई आणि बोथट होणारी शस्त्रे

घरातले एखादे माणूस कर्करोगाने गेले, की आप्तस्वकीय नियतीला बोल लावतात आणि भेटायला येणारे 'रोगच तसा होता' असे म्हणून सांत्वन करतात. हे सांत्वन पुष्कळदा अर्धसत्य असते. उपचारांना यश येत असते, गाठ आक्रसत असते, रक्तातील विकृत पेशी नाहीशा होऊ लागलेल्या असतात. आणि नेमक्या त्याच वेळी एका संध्याकाळी रुग्णाला थंडी वाजून ताप येतो. दुसऱ्या दिवशी रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे काम करेनाशी होतात आणि तिसऱ्या वा चौथ्या दिवशी सारे संपते. त्या रुग्णाचा घास कर्करोगाने घेतलेला नसतो. तो एका जीवाणूने घेतलेला असतो. आणि ज्या औषधाने तो जीवाणू मरावयास हवा होता, ते औषध त्याच्यावर चालेनासे झालेले असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. या आकड्यांवर चर्चा होते, तेव्हा ती तंबाखू, प्रदूषण, उशिरा होणारे निदान आणि उपचारांचा न परवडणारा खर्च यांच्याभोवती फिरते. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु ज्या पायावर कर्करोगाची सारी आधुनिक चिकित्सा उभी आहे, तो पायाच खचत चालला आहे, याची जाणीव रुग्णालयांच्या भिंतींबाहेर फारशी पोहोचलेली नाही. हा पाया म्हणजे प्रतिजैविके, आपल्या रोजच्या बोलण्यातली 'अँटिबायोटिक्स'. आणि तो खचवण्यात रुग्णालयाइतकाच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक, तुमच्याआमच्या घरांचा वाटा आहे.

कर्करोगाचा रुग्ण जंतुसंसर्गाला इतका सहज बळी का पडतो, हे समजून घेतले पाहिजे. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्कपेशी वेगाने वाढतात म्हणून त्या मरतात. परंतु अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या रक्तपेशी आणि आतड्याचे नाजूक अस्तर यांचीही वाढ वेगाची असल्याने तीही या माऱ्यात सापडतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी साधारणपणे दोन ते सात हजार असतात. शरीरात शिरणाऱ्या जीवाणूंवर प्रथम तुटून पडणारी ही सेना. केमोथेरपी दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान ही संख्या तळ गाठते. ती ५०० च्या खाली गेली, की धोक्याची घंटा वाजते. १०० च्या खाली गेली, तर शरीर जवळजवळ निःशस्त्र होते. त्याच सुमारास आतड्याच्या अस्तराला सूक्ष्म जखमा झालेल्या असतात आणि आयुष्यभर पोटात मुकाट नांदणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे जीवाणू त्या वाटेने रक्तात उतरतात. शत्रू बाहेरून येतो असेही नाही. तो घरातलाच असतो. फक्त राखण करणारा उरलेला नसतो.

अशा रुग्णात संसर्गाची नेहमीची लक्षणेही दिसत नाहीत. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशींचा साठा. पेशीच नाहीत, तर पू कोठून होणार? ताप हे पुष्कळदा एकमेव लक्षण असते. म्हणूनच केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला ताप येणे ही वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हृदयविकाराच्या झटक्याइतकीच तातडीची घटना आहे. रुग्ण रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत प्रतिजैविकाची पहिली मात्रा शिरेतून गेली पाहिजे, असा दंडक आहे. रक्तात नेमका कोणता जीवाणू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देईल, हे प्रयोगशाळेतून कळण्यास एक ते तीन दिवस लागतात. तेवढी उसंत या रुग्णाजवळ नसते. डॉक्टरांना अनुभवाच्या आणि अनुमानाच्या बळावर औषध निवडावे लागते. हे अनुमान बरोबर ठरले तर रुग्ण तरतो. चुकले तर चूक लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. औषधाला दाद न देणाऱ्या जीवाणूंचे प्रमाण वाढणे म्हणजे हे अनुमान चुकण्याचे प्रमाण वाढणे. धडधाकट माणसाला पहिले औषध लागू पडले नाही, तर दुसरे देऊन पाहता येते. त्याचे शरीर तोवर झुंज देत राहते. कर्करोगाच्या रुग्णाला ही दुसरी संधी क्वचितच मिळते.

कर्करोगाची चिकित्सा आणि प्रतिजैविके यांचे नाते किती जवळचे आहे, हे एका भारतीय शास्त्रज्ञाच्या कार्यावरून ध्यानात येते. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. फॉलिक आम्लाला विरोध करणारी जी औषधे त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली, त्यांतील अमिनोप्टेरिनच्या आधारे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांचा रोग काही काळ मागे हटवून दाखविला. हा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला आणि आधुनिक केमोथेरपीचे दार उघडले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही जगभर वापरले जाते. आणि त्याच प्रयोगशाळेत, सुब्बाराव यांच्याच कारकिर्दीत, बेंजामिन डगर यांनी टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविक ऑरिओमायसिन शोधून काढले. तेही १९४८ मध्येच जगासमोर आले. एकाच छताखाली कर्करोगाचे औषध आणि जीवाणूंचे औषध जन्माला यावे, यात योगायोगाचा भाग असेल; पण पुढील इतिहासाने या दोहोंची गाठ कायमची बांधली.

कारण केमोथेरपी मिळाली, तरी रुग्ण वाचत नव्हते. कर्कपेशींवर मात होई आणि रुग्ण जंतुसंसर्गाने दगावे. पांढऱ्या पेशींची घटती संख्या आणि संसर्गाचा वाढता धोका यांचे गणित डॉ. जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मांडले. ताप येताच, जीवाणूचे नाव कळण्याची वाट न पाहता, औषध सुरू करावे, ही पद्धत १९७१ नंतर रूढ झाली आणि मृत्यूंचे प्रमाण उतरू लागले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. प्रत्यारोपणात रुग्णाची स्वतःची मज्जा आधी पूर्णतः नष्ट करावी लागते आणि नवी मज्जा रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे तो प्रतिजैविकांच्याच आधारावर तगून असतो. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेल्या आणि टाटा स्मारक केंद्रात रुग्णांवर पारखल्या गेलेल्या स्वदेशी कार-टी पेशी उपचारपद्धतीचे एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झाले, तेव्हा प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटला. तो वाटावाच. परंतु हा प्रगत उपचार घेणाऱ्या रुग्णाची प्रतिकारशक्तीही काही काळ क्षीण होते. कोट्यवधींचे संशोधन, डॉक्टरांची तपश्चर्या आणि कुटुंबाने दागिने विकून उभा केलेला पैसा हे सारे एका क्लेब्सिएलापुढे मातीमोल होऊ शकते, ही वस्तुस्थिती त्या अभिमानाइतकीच लक्षात ठेवली पाहिजे.

जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात, म्हणजे नेमके काय होते? जीवाणूंची एक पिढी अनुकूल स्थितीत जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांची असते. कोट्यवधींच्या त्या गर्दीत एखाद्यात असा बदल घडतो, की तो औषधाला पुरून उरतो. कोणी औषधाचा रेणू तोडणारे विकर तयार करतो, कोणी आत शिरलेले औषध बाहेर फेकतो, कोणी औषधाला शिरण्याचे द्वारच बंद करतो. औषधाच्या माऱ्यात बाकीचे मरतात आणि हा एक उरतो, वाढतो. इतकेच नव्हे, तर हे कसब ज्या जनुकात साठवलेले असते, ते जनुक तो शेजारच्या, अगदी दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतो. म्हणजे प्रत्येक वेळी घेतलेले प्रतिजैविक ही जीवाणूंची एक निवड-चाचणी असते. ती आवश्यक असेल तेव्हा घ्यावीच लागते. अनावश्यक असताना घेतली, तर रुग्णाला लाभ शून्य आणि जीवाणूंना मात्र आयते शिक्षण, असा हा व्यवहार आहे.

याचे फलित भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या आकडेवारीत दिसते. परिषदेने २०१३ पासून देशातील मोठ्या रुग्णालयांचे एक निरीक्षण-जाळे उभारले. कार्बापेनेम हा गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेला औषधवर्ग आहे. त्यातील इमिपेनेम या औषधाला ई. कोलायचे ८६ टक्के नमुने २०१६ मध्ये दाद देत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ६४ टक्क्यांवर आले. क्लेब्सिएलाच्या बाबतीत ते ६५ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर उतरले. याचा सरळ अर्थ असा, की शेवटच्या फळीतले म्हणून जपलेले औषधही मोठ्या रुग्णालयांत क्लेब्सिएलाच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर निष्प्रभ ठरू लागले. मग उरते ते कोलिस्टिन. मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून काही दशकांपूर्वी जे औषध वैद्यकाने जवळजवळ टाकून दिले होते, तेच आज नाइलाजाने पुन्हा हाती घ्यावे लागत आहे. केमोथेरपीने आधीच शिणलेल्या मूत्रपिंडांवर हा आणखी एक आघात. शिवाय एकदा असा चिवट संसर्ग झाला, की पुढची केमोथेरपी लांबणीवर पडते किंवा तिची मात्रा कमी करावी लागते. म्हणजे जीवाणूच्या संसर्गातून रुग्ण वाचला, तरी त्याचा कर्करोग पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता वाढते.

या प्रश्नाकडे राष्ट्र म्हणून आपण कसे पाहिले, याचा एक प्रसंग आठवणे उद्बोधक ठरेल. कार्बापेनेम निकामी करणारे एक विकर स्वीडनमधील एका रुग्णाच्या शरीरातील क्लेब्सिएलात सापडले. त्या रुग्णाने पूर्वी नवी दिल्लीत उपचार घेतले होते, म्हणून संशोधकांनी २००९ मध्ये त्या विकराला 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेस', म्हणजेच एनडीएम-१ असे नाव दिले. ऑगस्ट २०१० मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात त्याविषयीचा विस्तृत लेख येताच देशभर संतापाची लाट उसळली. राजधानीच्या नावाने जंतूची ओळख जगभर व्हावी, हे कोणाही स्वाभिमानी भारतीयाला रुचणारे नव्हते. भारतात शस्त्रक्रियेसाठी येऊ नका, असे सुचवणारा त्या लेखाचा सूरही आक्षेपार्ह होता. निषेध झाला, तो योग्यच झाला. परंतु नावाचा अपमान जितका झोंबला, तितका त्या जंतूचा धोका झोंबला नाही, हे मान्य करावे लागेल. एप्रिल २०११ मध्ये दिल्लीच्या सांडपाण्याच्या डबक्यांत आणि नळाच्या पाण्याच्या काही नमुन्यांतही ते जनुक सापडल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हाही वाद रंगला तो हेतूंविषयी. नाव परकीयांनी दिलेले असेल. पण त्या विकराने ज्यांचा जीव घेतला, ते रुग्ण आपले आहेत. राष्ट्राचा स्वाभिमान जपायचा, तर आपल्या रुग्णालयांतील आणि पाण्यातील हा कलंक पुसून जपला पाहिजे; पत्रकांतून तो जपला जात नाही.

सुदैवाने देशातील डॉक्टरांनी वादात वेळ दवडला नाही. २०१२ साली विविध वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन 'चेन्नई घोषणापत्र' तयार केले. त्याच्या मागे असलेले डॉ. अब्दुल गफूर हे कर्करोगाच्या रुग्णांतील संसर्गाचेच तज्ज्ञ, ही बाब सूचक आहे. धरण फुटले तर पाणी प्रथम कोठे शिरेल, हे सखल भागात राहणाऱ्यालाच आधी कळते. मार्च २०१४ पासून 'एच-१' ही अनुसूची लागू झाली. तिच्यातील प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी, असा नियम झाला. २०१६ मध्ये औषधांच्या पट्टीवरील लाल रेघेचा अर्थ लोकांना समजावून सांगण्याची मोहीम निघाली. त्याच वर्षी जुलैच्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी या विषयावर देशाला सावध केले. २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ मध्ये कोंबड्या, जनावरे आणि मत्स्यशेतीसाठी कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये आराखड्याची दुसरी आवृत्ती जाहीर झाली. धोरणांची उणीव नाही. उणीव आहे ती अंमलबजावणीची आणि त्याहून अधिक लोकमानसाच्या तयारीची.

आपल्या मध्यमवर्गीय घरांतील चित्र काय आहे? मुलाला सर्दी झाली, शाळेत चाचणी परीक्षा तोंडावर आहे, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'मागच्या वेळी दिलेल्याच' गोळ्या आणल्या जातात. सर्दी, साधा खोकला, फ्लू हे बहुतांशी विषाणूंमुळे होतात. प्रतिजैविकांचा विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही. तरीही गोळी घेतली जाते. विषाणूची सर्दी चार-पाच दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय गोळीला मिळते. डॉक्टरांनी नुसता आराम आणि वाफारा सांगितला, तर 'काही दिलेच नाही' म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरच बदलला जातो. रुग्ण टिकवायचा म्हणून तोही मग चिठ्ठीवर एक प्रतिजैविक लिहून मोकळा होतो. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या जातात आणि शेजाऱ्याला ताप आला, की आपुलकीने दिल्या जातात. डास मारण्यासाठी ब्रह्मास्त्र सोडावे आणि युद्धाच्या दिवशी भाता रिकामा असावा, तशी ही गत आहे.

पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हे भविष्य फार पूर्वी ओळखले होते. डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले. तो घसा दुखतो म्हणून पेनिसिलिन विकत घेतो, अपुरे घेतो, त्याचे जंतू औषधाला सरावतात. ते त्याच्या पत्नीला लागतात आणि तिला झालेल्या न्यूमोनियावर पेनिसिलिन चालत नाही. ती दगावते. या मृत्यूला जबाबदार कोण, असा फ्लेमिंग यांचा प्रश्न होता. ज्याने औषध उधळले तो सुरक्षित राहिला आणि ज्याला त्याची खरी गरज होती तो बळी पडला, हे या उदाहरणाचे मर्म आहे. आज त्या पत्नीच्या जागी परळच्या वॉर्डातले रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणारे एखादे सहा वर्षांचे मूल आहे, एवढाच फरक.

दोष केवळ घरांचा नाही. खेड्यापाड्यांत अर्धवट ज्ञानावर सुया टोचणारे आहेत. हात धुण्याच्या साध्या शिस्तीत कुचराई करणारी मोठी रुग्णालये आहेत. वजन वाढावे म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात औषध मिसळणारे व्यावसायिक आहेत. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असते त्याहूनही अधिक असल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने जानेवारी २०२० मध्ये काढला. पुढच्या वर्षीच्या अंतिम नियमांत मात्र त्या मर्यादा उरल्या नाहीत. जगाचे औषधालय म्हणून मिरवणाऱ्या देशाला हे शोभणारे नाही. उद्योगाचे हित आणि राष्ट्राचे हित यांत अंतर पडले, तर कोणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न शासन कोणत्याही पक्षाचे असो, त्याला विचारलाच पाहिजे. याउलट केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतःचा कृती आराखडा केला आणि २०२४ पासून चिठ्ठीविना प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर धाडी घालण्यास आरंभ केला. तेथील तत्कालीन राज्यकर्त्यांशी वैचारिक मतभेद कितीही असोत, चांगल्या कामाचे अनुकरण करण्यात कमीपणा नाही. महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहू नये.

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच दाहक आहे. एकीकडे औषधांची उधळण आणि दुसरीकडे ज्याला औषध हवे त्याच्यापर्यंत ते न पोहोचणे, असा हा विरोधाभास आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या जीवाणूंचा गंभीर संसर्ग २०१९ या वर्षात भारतात सुमारे १० लाख लोकांना झाला. त्यांपैकी योग्य प्रतिजैविक मिळाले ते अवघ्या ७.८ टक्क्यांना. वेळेवर तपासणी नाही, तज्ज्ञ नाहीत, औषध महाग किंवा अनुपलब्ध, अशी ही साखळी आहे. बिहार, उत्तर प्रदेश, ईशान्य भारत आणि आपल्याच विदर्भ-मराठवाड्यातून टाटा रुग्णालयात येणारी कुटुंबे परळच्या पदपथावर दिवस काढतात, हे दृश्य मुंबईकरांच्या सवयीचे झाले आहे. शरीरातील पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना धूळ, उघडे गटार आणि विकतचे पाणी यांच्या सहवासात राहणाऱ्या रुग्णाला वाचवण्यासाठी डॉक्टरांनी किती शिकस्त करावी? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था अशा रुग्णांना छप्पर देतात, तेव्हा त्या केवळ निवारा देत नाहीत. त्या संसर्ग टाळतात, म्हणजेच प्रतिजैविकांची गरजच कमी करतात. स्वच्छ खोली, उकळलेले पाणी, ताजे शिजवलेले अन्न आणि हात धुण्याची सोय ही प्रत्येक गोष्ट औषधाच्या एकेका मात्रेइतकी मोलाची आहे. ज्या गाडगेबाबांनी आयुष्यभर खराट्याने गावे झाडली, त्यांच्या नावाच्या वास्तूत हे काम व्हावे, हे उचितच होय.

नवी औषधे येणारच नाहीत, असे निराशेने म्हणण्याचे कारण नाही. पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ साली 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सार्वजनिक क्षेत्रातील पहिला औषधनिर्मिती उद्योग स्थापन झाला, तेव्हा पेनिसिलिन देशात बनणे हीच मोठी झेप होती. आज भारतीय संशोधक स्वतःचे रेणू घडवत आहेत. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीत शोधलेला एनमेटाझोबॅक्टम हा रेणू असलेल्या प्रतिजैविकाला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. वोक्हार्टने विकसित केलेले न्यूमोनियावरील नॅफिथ्रोमायसिन त्याच वर्षी केंद्रीय विज्ञान-तंत्रज्ञान मंत्र्यांच्या उपस्थितीत सादर झाले. ही कामगिरी गौरवास्पद आहे. परंतु एक रेणू औषध म्हणून बाजारात येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात आणि त्याला पुरून उरणारा जीवाणू काही वर्षांतच तयार होऊ शकतो. जुन्या औषधांची जी माती केली, तीच नव्यांची करायची असेल, तर ही शर्यत जिंकता येणार नाही. औषधाचा उपयोग न जाणता ते वापरणे म्हणजे विषाशी वा शस्त्राशी खेळणे होय, अशा आशयाचा इशारा चरकसंहितेने दिलेला आहे. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने हा विवेक प्रथम अंगी बाणवला पाहिजे.

मग करायचे काय? शासनाने करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत: औषध दुकानांवर नियमांचा धाक, जिल्हा रुग्णालयांत रक्तातील जीवाणू ओळखणाऱ्या प्रयोगशाळा, कारखान्यांच्या सांडपाण्यावर मर्यादा आणि राखीव औषधांचा गरजूंना परवडेल असा पुरवठा. परंतु संयम हा काही अध्यादेश काढून येत नाही. तो घराघरांत रुजवावा लागतो. डॉक्टरांना स्वतःहून विचारावे, 'याला अँटिबायोटिक खरोखर लागेल का?' नाही म्हणाले, तर समाधान मानावे. दिलेच, तर सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेले दिवस घ्यावे. आपल्या मनाने थांबवू नये आणि लांबवूही नये. उरलेली गोळी कोणाला देऊ नये. औषध दुकानदारांतही आपले बांधव आहेत. चिठ्ठीविना हे औषध देणार नाही, असे ते सांगतील, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत न घालता त्यांना पाठबळ द्यावे.

ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे, तेथे तापमापक नेहमी हाताशी असावा. केमोथेरपी चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर घरगुती उपाय करीत किंवा तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहत बसू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे, आणि रुग्णाला केमोथेरपी चालू आहे हे तेथे पहिल्याच वाक्यात सांगावे. भेटीला येणाऱ्यांनीही विचार करावा. आजारी माणसाला भेटायला जाणे ही आपली जिव्हाळ्याची रीत आहे. पण सर्दी-खोकला अंगावर घेऊन, लहान मुलांचा लवाजमा बरोबर घेऊन पलंगाशी गर्दी करणे ही माया नव्हे. दारातच हात धुवावेत, बेताचे बसावे, किंवा दूरध्वनीवर विचारपूस करून डबा खाली पोहोचवावा. रुग्णसेवेत असलेल्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशा घरांची नोंद ठेवून मध्यरात्री वाहन कोण देईल आणि सोबत कोण जाईल, एवढी व्यवस्था जरी केली, तरी तो एक तास वाचू शकतो. त्या एका तासावरच पुढचे सारे अवलंबून असते.

विहीर, गायरान आणि देवराई गावाने सामायिक मालमत्ता म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखली. कोणी एकाने उपसा केला, तर साऱ्या गावाला तहान सोसावी लागते, हे ज्ञान त्यामागे होते. प्रतिजैविके ही आजच्या काळातील तशीच सामायिक ठेव आहे. निरोगी माणसाने आज टाळलेली एक अनावश्यक गोळी कोणाच्या उपयोगी पडली, हे त्याला कधीच कळणार नाही. ज्याला उपयोग झाला, तोही आभार मानायला येणार नाही. तरीही ती टाळावयाची आहे, कारण ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा आपल्याच माणसांचा जीव तीत अडकलेला आहे.